दुभाष्याच्या शोधात

यंत्र बिघडले तर दुरुस्त करावे आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेले तर भंगारवाल्याला द्यावे, हा साधा व्यवहार आमच्या पिढीला उपजतच ठाऊक होता. सायकलचे पंक्चर, शिलाईयंत्राचा तुटलेला पट्टा, विहिरीवरील पंपाचे जळालेले वायंडिंग, ओटीवरच्या रेडिओचा गेलेला व्हॉल्व्ह, अशा प्रत्येक दुखण्याला एक ठाव असे. कारागीर त्या ठावावर बोट ठेवी, निकामी झालेला भाग काढून आपल्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "हे गेलं होतं बघा." जे गेले ते डोळ्यांना दिसे, जे नवे आले तेही दिसे. पैसे मोजताना मनात किंतु राहत नसे.

संगणकाने घरात पाऊल टाकले आणि आजाराचा एक निराळाच प्रकार आमच्या परिचयाचा झाला. या आजारात काही मोडलेले नसते, काही जळालेले नसते, काही झिजलेलेही नसते. काल संध्याकाळी उत्तम चालणारी वस्तू आज सकाळी मुकी होऊन बसते आणि तिच्या अंगावर ओरखडादेखील सापडत नाही. दोन धडधाकट माणसे समोरासमोर बसलेली असावीत, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसावी आणि मध्ये बसणारा दुभाषा न सांगता निघून गेलेला असावा, तशी ही अवस्था. संगणकाच्या परिभाषेत या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ असे नाव आहे. गाडी हाकणाऱ्या चालकाशी त्याचे फारसे नाते नाही. संगणकाची कार्यप्रणाली एक भाषा बोलते, संगणकात बसविलेले कार्ड दुसरी, आणि हिचे म्हणणे त्याला व त्याचे हिला समजावून सांगणे एवढेच त्याचे काम. एका टीव्ही ट्यूनर कार्डाच्या दुभाष्यासाठी आम्ही व आमच्या पुतण्याने २००५ साली जे काही सोसले, त्याची ही हकिगत आहे.

आजच्या तरुण वाचकांना हे कार्ड म्हणजे काय ते सांगावयास हवे. हाताच्या पंजाएवढी एक हिरवी पट्टी; तिच्या एका टोकाला काडेपेटीहून थोडी मोठी पत्र्याची डबी. संगणकाचे कॅबिनेट उघडून ही पट्टी आतील खाचेत बसवायची आणि केबलवाल्याची तार त्या डबीला जोडायची, की संगणकाच्या पडद्यावर दूरदर्शन दिसू लागे. घरात एकच टीव्ही आणि पाहणारी माणसे सहा, असा तो काळ. मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकात हजारेक रुपयांचे कार्ड बसवून दुसऱ्या टीव्हीचा खर्च वाचविणारी घरे आमच्या वसईत पुष्कळ होती.

कार्डाचे काम वाटते तितके सोपे नव्हते. तारेतून एकाच वेळी धावणाऱ्या अनेक वाहिन्यांतून हवी ती निवडून घेणे हे पत्र्याच्या डबीचे काम. मग पट्टीवरील मुख्य चिप त्या लहरींचे आकड्यांत रूपांतर करी. आपल्याकडील पाल पद्धतीत प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येत. त्यांपैकी दिसणारा भाग ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचा धरला आणि प्रत्येक ठिपक्यासाठी दोन बाइट मोजले, तर दर सेकंदाला दोन कोटी सात लाखांहून अधिक बाइट त्या पट्टीवरून संगणकात ओतले जात. तासाभराचे चित्र आहे तसे साठवायचे तर सुमारे ७५ गिगाबाइट जागा हवी; आमच्या घरच्या संगणकाची सारी साठवण ४० गिगाबाइटांची होती. म्हणून चित्र येता येताच त्याची घडी घालून ते लहान करावे लागे.

या कार्डांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढील सारा घोळ तिच्यापोटी आहे. बाजारात कार्डाच्या पेट्या शेकडो नावांच्या, परंतु त्यांच्या पोटातील मुख्य चिपा मोजक्याच. त्यांपैकी अतिशय प्रसिद्ध अशी बीटी ८४८ व तिची धाकटी बहीण बीटी ८७८. थोरली चिप अमेरिकेतील सॅन दिएगो येथील ब्रुकट्री या कंपनीची. ही कंपनी १९९६ मध्ये रॉकवेलने घेतली आणि १९९९ मध्ये रॉकवेलचा तो विभाग कोनेक्झंट या नावाने वेगळा झाला. चिप एक असली तरी प्रत्येक कार्ड बनविणारा तिच्याभोवती आपल्या सोयीची जोडणी करी: डबी कोणाची, आवाजाची तार चिपेच्या कोणत्या पायाशी, रिमोटची कोणत्या. सिमेंट एकाच कारखान्याचे. घरे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीची. त्यामुळे चिपेची भाषा जाणणारा दुभाषा सापडला तरी तेवढ्याने भागत नसे. त्याला त्या विशिष्ट घराच्या खोल्याही माहीत असाव्या लागत.

आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी हे कार्ड २००१ साली आले. पुतण्या तेव्हा शाळेत होता. २००३ च्या विश्वचषकातील अंतिम सामना त्याने व त्याच्या मित्रांनी त्याच पडद्यावर पाहिला आणि भारत हरल्यावर कार्ड अपशकुनी ठरवून मोकळे झाले. पुढे कॉलेजच्या अभ्यासक्रमासाठी नवी कार्यप्रणाली लागली म्हणून २००४ मध्ये संगणकावर ती घालण्यात आली. त्या दिवसापासून कार्ड मुके झाले. संगणकातील उपकरणांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी एक पिवळे प्रश्नचिन्ह आले. आत कोणीतरी आहे एवढे संगणकाला कळत होते. कोण आहे ते कळत नव्हते. पुतण्याचे वय टीव्हीहून मित्रांत रमण्याचे झाले होते. त्याने ते प्रश्नचिन्ह तसेच राहू दिले.

प्रश्न उभा राहिला तो एका व्हिडिओ कॅसेटमुळे.

आमच्या भगिनीचा विवाह १९९१ साली झाला. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो. त्या लग्नाची तीन तासांची कॅसेट घरी होती. तिच्यात मांडव आहे, बँड आहे, कॅमेरा पाहून पळणारी मुले आहेत, आणि दोन तास उलटल्यावर चारेक मिनिटे आमचे वडील आहेत. वडील वाडीत राबणारे, मितभाषी गृहस्थ. चारचौघांत उभे राहून बोलल्याचे आम्हांस तरी आठवत नाही. परंतु त्या रात्री त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, मांडव घालणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार मानले, जेवल्यावाचून कोणी जाऊ नये असे बजावले आणि शेवटी व्याह्यांकडे वळून म्हणाले, "पोरीला घरातलं सगळं येतं. पण तिला वाचायला आवडतं. तेवढं वाचू द्या." वडील १९९७ मध्ये गेले. त्यांची छायाचित्रे घरात पाच-सहा आहेत. आवाज मात्र त्या एका कॅसेटीतच होता.

वसईच्या दमट हवेत कॅसेटीला बुरशी लागते, हे ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी आहेत त्यांना सांगावयास नको. शिवाय व्हीएचएसची फीत प्रत्येक वेळी व्हीसीआरच्या फिरत्या हेडला घासून जाते. जितक्या वेळा पाहावी तितकी ती झिजते. आखातातून आणलेला आमचा व्हीसीआरही थकला होता. आणि २००५ च्या जानेवारीत आईला कानांच्या डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी सांगितले, की ऐकू येणे हळूहळू कमी होत जाणार. यंत्र लावून काही वर्षे निभेल, परंतु आज जे स्वर कळतात ते सारे पुढे कळतीलच असे नाही. घरी परतताना रिक्षात आई एवढेच म्हणाली, "मग ती कॅसेट एकदा नीट ऐकवा मला."

कार्डाच्या पाठीवर पत्र्याच्या डबीजवळ एक पिवळे भोक होते. व्हीसीआरचे चित्र त्यातून थेट संगणकात घेता येत असे. म्हणजे कार्ड बोलके झाले असते, तर कॅसेट एकदाच चालवून तिची सीडी करता आली असती. आई हवे तितक्या वेळा, हवा तितका आवाज चढवून ऐकू शकली असती.

धर्मग्रामाच्या कामातून आम्हांस सुटी मिळे त्या दिवशी आम्ही बंधूंच्या घरी जात असू. सुटीचे ते दिवस पुढे तीन महिने या कार्डाला वाहिले गेले. पेटीबरोबर आलेली सीडी जुन्या कार्यप्रणालीसाठी होती. नवा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा. तेव्हा घरी टेलिफोनच्या तारेवर चालणारा मॉडेम होता. आठ मेगाबाइटांच्या फाइलीला अर्धा तास लागे आणि तेवढा वेळ फोन अडून राही. पंचविसाव्या मिनिटाला कोणा आतेबहिणीने सहज चौकशीसाठी फोन फिरवावा, की जोडणी तुटे आणि सारे पहिल्यापासून. म्हणून पुतण्या हे काम रात्री अकरानंतर करी. अशा चार रात्रींत चार फाइली हाती आल्या. नावे सारखी, तारखा निरनिराळ्या. पहिलीने कार्ड ओळखलेच नाही. दुसरीने ओळखले, परंतु पडदा निळा होऊन संगणक बंद पडला. तिसरी घालण्यापूर्वी दुसरी काढावी लागे, ती काढण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे, आणि काढल्यावरही तिचे अवशेष कोठेतरी उरत, ते तिसरीला आडवे येत. चौथी घालताना संगणकाने विचारले, की या ड्रायव्हरची तपासणी झालेली नाही, तरी पुढे जायचे काय? "काका, हो म्हणू?" पुतण्याने विचारले. आम्ही म्हणालो, "म्हण बाबा." चौथीने चित्र आणले. ते काळेपांढरे होते आणि खालून वर सरकत होते. पाल पद्धतीच्या चित्राला ती अमेरिकेतील ५२५ रेषांच्या पद्धतीने वाचत होती, आणि तिच्या यादीत बदल करण्याची सोयच नव्हती.

कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराकडे गेलो. तो भला माणूस होता. त्याने दुसऱ्या कंपनीचे नवे कार्ड काढून दाखविले आणि पटत नसेल तर परत आणा असे म्हणाला. घरी येऊन पेटी उघडली. पेटी निराळी, नाव निराळे, रिमोटचा रंग निराळा. आतील पट्टी मात्र आमच्याच कार्डाची जुळी बहीण. तीच डबी, तीच चिप, सीडीवर त्याच चार फाइलींपैकी एक. नवे कार्ड परत गेले.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, कार्यप्रणाली बदलणाऱ्यांनीच जुन्या दुभाष्यांची सोय ठेवावयास नको होती काय? या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. ड्रायव्हर हा कार्यप्रणालीच्या थेट गाभ्यात बसून काम करतो. इतर प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर चुकला तर सारा संगणक कोसळतो. म्हणून त्याला आत घेण्याचे नियम काळानुसार कडक होत गेले. विंडोज ९५ साठीचे ड्रायव्हर एका घडणीचे होते. १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर नवी घडण आली. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा ती पहिली घडण चालेनाशी झाली. आणि २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीने तर अंकीय स्वाक्षरी नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेशच नाकारला. प्रत्येक पावलामागे विचार होता. परंतु प्रत्येक पावलाला जुन्या कार्डाचा दुभाषा कोणीतरी पुन्हा शिकवून तयार करावा लागे, आणि विकून झालेल्या कार्डावर पुन्हा श्रम करणे हे विकणाऱ्याला परवडत नसे. दोष शोधू गेले तर सगळ्यांची कारणे रास्त निघतात. रास्त कारणांच्या मधोमध आमची आई बसून होती.

मार्ग निघाला तो परक्यांकडून. या चिपेसाठी जगात काही हौशी जाणकारांनी, कोणाचाही पैसा न घेता, स्वतः ड्रायव्हर लिहिले होते. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीत बीटीटीव्ही नावाचा असा एक ड्रायव्हर आहे. त्याच्याबरोबर कार्डांची एक क्रमवार यादी येते. तीत दीडशेहून अधिक नावे आहेत. कोणाच्या डबीची जोडणी कशी, आवाज कोणत्या पायाशी, हे ज्याने त्याने आपले कार्ड तपासून कळविले आणि यादी वाढत गेली. यादीतील शून्य क्रमांकाचे नाव आहे ‘अज्ञात’. आम्हांस त्या क्रमांकाविषयी आपुलकी वाटली. चांगल्या कार्डांवर स्वतःची ओळख कोरलेली एक बारीकशी स्मरणचिप असते. स्वस्त कार्डांवर तिचा खर्च वाचविलेला असतो. आमच्या कार्डावर ती नव्हती. म्हणजे ते कार्ड विचारणाऱ्याला आपले नाव सांगूच शकत नव्हते. कोणीतरी त्याच्या वतीने सांगावयास हवे होते.

विंडोजसाठीही स्वयंसेवकांनी लिहिलेला असाच एक ड्रायव्हर पुतण्याला मिळाला. त्यात कार्ड कोणते, डबी कोणती, पद्धत कोणती, हे आपण यादीतून निवडायचे. मग आमचे संध्याकाळचे काम ठरून गेले. पुतण्याने कार्ड बाहेर काढून दिव्याखाली धरावे, आम्ही आईचे भिंग घेऊन डबीवरील कागदाच्या चिठ्ठीतील अक्षरे वाचावी, आणि बंधूंनी ती वहीत उतरून घ्यावी. सोबत केबलची तार जोडून परीक्षा चाले. एका क्रमांकाला चित्र रंगीत आले, परंतु बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडून पावसाळी ओहोळासारखा खळखळाट. कारण असे की पाल पद्धतीची घराणी अनेक. आपल्याकडे आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असते, इंग्लंडात ६ वर असे, चीनमध्ये ६.५ वर. यादीतील तो क्रमांक चिनी घराण्याचा होता. त्यातच ते वर्ष भारनियमनाचे. योग्य क्रमांक सापडतो न सापडतो तोच दिवे जात आणि वहीत त्या क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह पडे.

एप्रिलच्या एका संध्याकाळी व्हीसीआर जोडला आणि पडद्यावर मांडव उभा राहिला. रंग किंचित फिके, कडेला थोडी थरथर. परंतु चित्र स्वच्छ. आई खुर्ची ओढून पुढे बसली. बहीण आली, बँड आला, मुले पळाली. सारे निःशब्द. कॅसेट पुढे नेली. वडील उभे राहिले, त्यांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला, त्यांचे ओठ हलू लागले. आईने कानामागे हात धरला आणि आमच्याकडे वळून पाहिले. तिला वाटले, तिचेच कान गेले.

"तुला नाही, आई, आम्हांलाही येत नाही," असे आम्ही मोठ्याने सांगितले, तेव्हा तिने हात खाली घेतला.

कार्डावर आवाजासाठी एक लहानसा बदलदर्शक असतो: डबीचा आवाज घ्यायचा, बाहेरच्या यंत्राचा घ्यायचा, की गप्प राहायचे. त्याला आज्ञा देणाऱ्या तारा चिपेच्या कोणत्या पायांना जोडल्या आहेत, हे यादीतील एकाही नावाला आमच्या कार्डापुरते बरोबर माहीत नव्हते. केबलचा आवाज येई. व्हीसीआरचा म्हटला की बदलदर्शक गप्प राही. पुतण्याने रात्री दोनपर्यंत क्रमांकामागून क्रमांक घातले. शेवटी त्याच्या आईने संगणकाची तार भिंतीतून काढली.

तिढा सोडविला तो आमच्या आळीतील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. आम्ही सारी कथा सांगितली. ती ऐकून घेऊन ते म्हणाले, "फादर, आवाज त्या कार्डातून न्यायचाच कशाला? व्हीसीआरला आवाजाचं भोक वेगळं आहे. तिथून तार काढा आणि सरळ कॉम्प्युटरच्या साउंडमध्ये घाला." एका टोकाला दोन पिना, दुसऱ्या टोकाला एक, अशी तार त्यांनी तेथेच सोल्डर करून दिली. पैसे घेतले नाहीत. चित्र दुभाष्यामार्फत जाणार, आवाज त्याला वगळून.

भारनियमनाचे वेळापत्रक पाहून एका रात्री कॅसेट सलग तीन तास चालविली. सकाळी पाहिले तर चित्र होते, आवाज होता, आणि दोघांत अंतर पडले होते. कार्डाचे घड्याळ निराळे, आवाजाच्या चिपेचे निराळे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याऐवजी आवाजाच्या चिपेने ४४,११० घेतले, तरी दोन तासांत दीड सेकंदाहून अधिक फरक पडतो. सुरुवातीला बँड बरोबर वाजत होता. वडील बोलू लागले तोवर त्यांचे ओठ पुढे गेले होते आणि शब्द मागून येत होते. पुतण्या हिरमुसला. आवाज आवळून तो चित्राशी जुळविता येतो, आठवडाभरात करतो, मग आजीला दाखवू, असे तो म्हणू लागला.

आईने ऐकले आणि ती म्हणाली, "ओठ बघायला मला दिसतंय कुठे? आवाज त्यांचाच आहे ना? लाव तू."

पुतण्याने ते लावले. चार मिनिटे झाल्यावर तिने पुन्हा लावायला सांगितले. ‘तेवढं वाचू द्या’ या शब्दांशी ती दोन्ही वेळा हसली.

जुळविलेली सीडी पुढे झाली. तिच्या प्रती भगिनीकडे व नातलगांकडे गेल्या. आई त्यानंतर सहा वर्षे होती; शेवटची दोन तिला फारसे ऐकू येत नसे.

आता मागे वळून पाहता ध्यानात येते, की त्या कार्डाभोवतीचे सारे जगच मावळले. केबलचे अंकीकरण मुंबईत २०१२ च्या अखेरीस झाले आणि २०१७ पर्यंत ते देशभर पोहोचविण्यात आले. पत्र्याच्या डबीला कळणाऱ्या लहरी तारेतून नाहीशा झाल्या. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद झाली. व्हीसीआर बनविणारी जपानमधील अखेरची कंपनी फुनाई. तिने २०१६ च्या जुलैत ते काम थांबविले. तथापि स्वयंसेवकांचा तो बीटीटीव्ही ड्रायव्हर लिनक्समध्ये अद्याप आहे. २०२३ मध्ये त्याचे बरेच काम नव्या पद्धतीने पुन्हा लिहिले गेले. पिवळ्या भोकाने जुनी कॅसेट आजही त्यातून आत येऊ शकते. वस्तू आपल्या बळावर टिकत नाही. तिची भाषा जाणणारा कोणी राहिला, तरच ती टिकते, आणि असा माणूस पैशापेक्षा आस्थेने राहतो, एवढे आम्ही या प्रकरणातून शिकलो.

म्हणून वाचकांना एक विनंती. १९८० व १९९० च्या दशकांतील लग्नांच्या, वाढदिवसांच्या, पुण्यस्मरणांच्या कॅसेटी आपल्या कपाटांत अजून असतील. बुरशी दिसली तर त्या घरी चालवून पाहू नयेत. हेड खराब होते आणि फीतही. जाणकाराकडून स्वच्छ करून घ्याव्यात व उतरवून घ्याव्यात. पूर्वी सीडी करून घेतली असेल तर तीही तपासावी. घरी लिहिलेल्या सीडी कालांतराने वाचता येईनाशा होतात आणि नव्या संगणकांत बहुधा त्यांसाठी जागाही नसते. दोन प्रती निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

आणि हे करण्यापूर्वी घरातील वृद्धांना शेजारी बसवून विचारावे, की हा कोण, ती कोण, हा आवाज कोणाचा, साल कोणते. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. आमच्या कार्डाला आपले नाव सांगता येत नव्हते. कॅसेटीलाही येत नाही. ते सांगू शकणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्यावे.